अडीच इंच वाळू

सगळ्यात आधी फसफसली ती रांगोळी.

डॉक्टर शेटे मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात, खुर्चीशेजारच्या टेबलावर मी सहा स्टीलचे ट्रे ओळीनं मांडले होते. एकेका ट्रेत एकेक मूठ ऐवज. सीना नदीची वाळू, बांधकामावरची क्रश सँड, फरशीवाल्याकडचा संगमरवरी चुरा, पुण्याहून आलेले प्रवाळाचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे, त्याच प्रवाळाची रव्यासारखी बारीक वाळू, आणि कमलबाईंनी मला न विचारता आणून ठेवलेली पांढरी रांगोळी. माझ्या हातात बिनसुईची सिरिंज होती आणि तिच्यात व्हिनेगर. व्हिनेगर मला बार्शीत एकाच ठिकाणी मिळालं, स्टँडसमोरच्या चायनीजच्या गाड्यावर. त्यानं कशाला पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हटलं, समुद्र करायचाय. त्यानं पुढं काही विचारलं नाही, उलट बाटली थोडी लांबून दिली.

परीक्षा सोपी होती. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तळाला जे घालायचं त्यात चुना पाहिजे, म्हणजे पाणी समुद्राच्या वळणावर राहतं. चुना आहे का नाही ते व्हिनेगर सांगतं. थेंब पडल्यावर फसफसलं की पास. नदीची वाळू ढिम्म राहिली. क्रश सँडही ढिम्म. संगमरवर फसफसला, दोन्ही प्रवाळ फसफसले. पण रांगोळीनं जो फेस काढला तसा बाकी कुणाला काढता आला नाही.

"बगा," कमलबाई म्हणाल्या, "पैला नंबर."

कमलबाई म्हणजे दवाखान्यातल्या मावशी. बावीस वर्षं त्यांनी लोकांची डोकी धरून ठेवली होती, त्यामुळं आपलं म्हणणं मान्य करून घ्यायची त्यांना सवय होती. रांगोळी पाण्यात घातली तर मासा दिसायचाच नाही, नुसतं पांढरं पाणी दिसेल, हे मी त्यांना तीन प्रकारे समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि तिन्ही वेळा विचारलं की मग पहिला नंबर कशाला दिला.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि बार्शीत माझं माशांचं दुकान होतं. नाव सागर अ‍ॅक्वेरियम. समुद्र साडेतीनशे किलोमीटरवर, आणि दुकानातला एकही मासा त्या समुद्रातला नाही. सगळे गोड्या पाण्यातले, गपी, मोली, गोल्डफिश. आम्ही घरचे शुद्ध शाकाहारी. मुलगा मासे विकतो ही गोष्ट आईनं शेजारीपाजारी "शोभेच्या वस्तूंचं दुकान आहे" असं सांगून मिटवली होती. आप्पांनी ती मिटवली नव्हती.

आप्पा, म्हणजे माझे वडील, चनबसप्पा हिंगमिरे, तलाठी होते. त्यांना कुठलीही गोष्ट अट आणि मुदत घातल्याशिवाय बोलता यायची नाही. दुकान बंद कर, असं ते कधीच म्हणाले नाहीत. शेटे मॅडमनी मला खाऱ्या पाण्याच्या टाकीचं काम दिलं, त्या दिवशी जेवताना त्यांनी ताटावरून हात मागं घेतला आणि सांगितलं, "दसऱ्याला मी स्वतः येणार. टाकीत मासा पंचांसमक्ष जिवंत दिसला, तर दुकान तुझं. परत विषय नाही. नाही दिसला, तर त्याच दिवशी दुपारच्या मुहूर्ताला मल्लूमामाच्या मिलीत पूजेला बसायचं. मग तो विषय परत नाही."

मल्लूमामांची तूरडाळीची मिल होती. मामांना दोन मुली, दोघी इंजिनियर, आणि दोघींनी डाळीकडे बघायचं नाकारलं होतं. दसऱ्याला मिलीतल्या यंत्रांची पूजा जो करील तोच पुढं मिल बघील, असं मामांनी सगळ्या नातेवाइकांत जाहीर केलं होतं. मिल तशी वाईट नव्हती. फक्त तिथं दिवसभर एवढा आवाज असायचा की माणसं एकमेकांशी भुवयांनी बोलायची. मामा घरी आल्यावरसुद्धा चहा भुवयांनीच मागायचे. मला तेविसाव्या वर्षी एवढंच कळत होतं की माझ्या भुवयांना हे जमणार नाही.

मॅडमना खरं तर मासा नको होता, त्यांना लहान मुलांची उघडी तोंडं हवी होती. बार्शीतली पोरं खुर्चीत बसली की ओठ शिवल्यासारखी बसायची. समोर रंगीत मासा हलला की तोंड आपोआप उघडतं, असं त्यांनी मुंबईच्या एका दवाखान्यात स्वतः पाहिलं होतं. गोड्या पाण्यातले मासे त्यांनी आधी माझ्याकडूनच नेले होते, पण गोल्डफिश बघून बार्शीतली पोरं जांभईसुद्धा देत नव्हती.

तर तळाला काय घालायचं, हा प्रश्न. मॅडमचं मत, काहीच नको. नुसती काच. "तळ कसा, पुसता आला पाहिजे," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांचा दवाखाना बघता त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं. पुण्याचे शाबीरभाई, ज्यांच्याकडून मीठ, दगड आणि पुढं मासा येणार होता, त्यांचं मत मक्याच्या दाण्यांकडे. नवशिक्यानं जाड तुकडेच घ्यावेत, बारीक वाळू पंपाच्या झोतानं उडते, पाणी गढूळ होतं, असं त्यांनी फोनवर चारचारदा सांगितलं. कमलबाईंचं मत तुम्हाला माहीत आहे.

मी बारीक वाळू धरून बसलो.

का, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, बॅक्टेरिया. वाळू जितकी बारीक तितके बॅक्टेरिया जास्त आणि बॅक्टेरिया जितके जास्त तितकं पाणी स्वच्छ. हे खोटं नव्हतं. पण ते माझं कारणही नव्हतं. माझं कारण मी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते मोठ्यानं म्हटलं असतं तर मॅडमनी मलाच टाकीबाहेर काढून पुसलं असतं.

वाळू धुवायचं काम कमलबाईंनी आपल्याकडे घेतलं. तांदूळ धुतात तशी, आठ पाण्यांत. नवव्या पाण्याला त्यांनी मला बोलावून दाखवलं की आता यात कणी राहिलेली नाही. मी पट्टी लावून अडीच इंचाचा थर घातला, त्यावर दगड रचले, मिठाचं पाणी सोडलं. दोन दिवस टाकीत ताक दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ताक खाली बसलं आणि दवाखान्याच्या कोपऱ्यात, फरशीपासून तीन फुटांवर, एक पांढराशुभ्र तळ दिसायला लागला.

आणि मग सहा आठवडे टाकीत काहीच नव्हतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीची रीतच ती. पाणी पिकेपर्यंत, म्हणजे त्यात बॅक्टेरिया रुजेपर्यंत, मासा सोडायचा नाही. पेशंट येऊन रिकाम्या टाकीपुढं बसायचे, दगड बघायचे आणि जायचे. आप्पा एकदा येऊन बघून गेले. "चांगला धंदा आहे," म्हणाले. "मासा नसलेली टाकी. मरायची भीती नाही."

मासा आला अष्टमीला. मी मागवला होता केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, जो पोरांना कार्टूनमुळं पाठ होता. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून थर्माकोलचा डबा उतरला, त्यावर शाबीरभाईंची चिठ्ठी होती. केशरी संपला, हा पाठवतोय, मस्त चीज आहे. पिशवीत एक पिवळाजर्द, बोटाएवढा, सडपातळ जीव होता. कमलबाईंनी पिशवी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "हे हळकुंड हाय की." तेच त्याचं नाव पडलं.

मी नियमानं सगळं केलं. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली, थेंबथेंब पाणी सोडून हळकुंडाला नवीन पाण्याची सवय लावली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याला टाकीत सोडलं. ते दगडासमोर थांबलं, आमच्याकडे एका डोळ्यानं बघितलं, आणि लाइट गेली.

भारनियमनाचे दिवस होते, त्यात नवल नव्हतं. दवाखान्याला इन्व्हर्टर होता. तो लागायला तीन-चार सेकंद घ्यायचा. तीन-चार सेकंदांनी उजेड आला. पंप सुरू झाला. दगड होते, पाणी होतं, वाळू होती. हळकुंड नव्हतं.

आधी मी वाकून दगडांमागं बघितलं. मग मॅडमनी चष्मा पुसला. मग आम्ही शोधायला लागलो. खाऱ्या पाण्यातले मासे उडी मारतात एवढं मी वाचलं होतं, म्हणून आधी फरशी बघितली. खुर्चीखाली, एक्स-रेच्या मशीनमागं, चप्पल स्टँडमध्ये. कमलबाईंना कपाटाखाली दोन दुधाचे दात सापडले, ते त्यांनी पदराला पुसून मॅडमकडे दिले. फिल्टर उघडून बघितला. मॅडमनी दात बघायचा तो छोटा आरसा लांब काठीला बांधला आणि दगडांच्या फटी एकेक करून तपासल्या, वरच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, जबड्यात करतात तशा क्रमानं. शेवटी म्हणाल्या की कुठंही काही अडकलेलं नाही. सवयीनं त्यांनी माझ्याकडे बघून असंही सांगितलं की दगड छान आहेत, फक्त रोज दोनदा घासत जा.

शाबीरभाईंचा फोन लागेना. ते सणाला कुठल्या तरी गावी गेले होते आणि त्या गावात त्यांच्या फोनला रेंज नव्हती. नेटकॅफेवाला नवरात्र उठेपर्यंत बंद. नवमी गेली. मी दर अर्ध्या तासानं टाकीपुढं जाऊन बसायचो. एवढ्या वेळा तर मी कधी देवापुढंही बसलो नव्हतो.

नवमीला संध्याकाळी मॅडम हळूच म्हणाल्या की मासा वाळूत कुठं तरी मरून पडला असेल तर पाणी नासेल, उद्या सगळी वाळू उपसून बघू. मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला मासा सापडायची आशा नव्हती. निदान मेलेला सापडला म्हणजे आप्पांना दाखवायला हातात काहीतरी असेल, एवढाच विचार.

दसऱ्याच्या दिवशी दवाखाना बंद, पण पूजेसाठी उघडलेला. कमलबाईंनी दात काढायचे चिमटे ओळीनं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, खुर्चीच्या मानेला झेंडूचा हार होता. मी बाह्या सरसावून, एका हातात प्लास्टिकचा डबा घेऊन कोपरापर्यंत टाकीत हात घातला होता, आणि दारात आप्पा उभे राहिले. मागं मल्लूमामा, डोक्याला फेटा बांधून. दुसरा फेटा त्यांच्या काखेत होता. तो कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

"कुठाय मासा?" आप्पांनी विचारलं.

"दिसत नाही," मी म्हटलं.

"मेला म्हण की," मामा म्हणाले, जरा आनंदानंच.

आप्पांनी मामाकडे बघितलं नाही. ते माझ्या हाताकडे बघत होते. "हात वर काढ," त्यांनी सांगितलं. "वाळूला लावलास का?"

अजून लावला नव्हता.

"लावू नकोस. वाळू उपसायला कुणाची परवानगी घेतली?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण आप्पांनी आयुष्यात थट्टा केली नव्हती, आणि वाळूच्या बाबतीत तर नाहीच. वीस वर्षं नदीकाठच्या गावांत चोरटा वाळूउपसा पकडणं हेच त्यांचं मुख्य काम होतं. लोक उपसा करून वरून वाळू सारखी करून ठेवायचे, फांद्या फिरवायचे, म्हशी चालवायचे. आप्पा काठावर उभं राहून सांगायचे, इथं खणलंय, इथं नाही, आणि हे परवाचं आहे. मग पंच जमवायचे, जागेवरच पंचनामा लिहायचे आणि त्यावर पंचांच्या सह्या घ्यायचे. न पाहिलेली एक ओळ त्यांनी कधी कागदावर घेतली नाही, म्हणून त्यांची बदलीही सारखी व्हायची.

त्यांनी झोळीतून कागद काढले, पाटी काढली, पेन काढलं. मॅडमकडे खुर्ची मागितली. मॅडमनी हार घातलेली खुर्ची दाखवली, आप्पा तिच्यावर जपून बसले. मग लिहायला लागले.

मामांनी आधी हसून घेतलं. मग मासा मेला हे उघड आहे, त्यात काय लिहायचं, असं म्हणाले. आप्पा मान वर न करता बोलले, "प्रेत कुठंय?"

"नाही."

"मग मेला कसा? माणूस सात वर्षं बेपत्ता असल्याशिवाय मेला धरत नाहीत. हा परवा गेलाय."

"अरे, पण ही जागा तुझ्या हद्दीत तरी येते का?"

"वाळू आहे ना," आप्पा म्हणाले, आणि विषय संपला.

पंच दोन ठरले, मामा आणि कमलबाई. पंचनाम्याला चतुःसीमा लागते, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे ते. पूर्वेस खिडकी, पश्चिमेस एक्स-रेची खोली, दक्षिणेस चप्पल स्टँड, उत्तरेस कमलबाई. मध्येच कमलबाई चहा ठेवायला निघाल्या, त्यांना आप्पांनी परत उत्तरेस उभं केलं. मग टाकीची लांबी-रुंदी, पाण्याची उंची, दगडांची संख्या. दगड आठ का नऊ यावर मामांचं आणि कमलबाईंचं पटेना, त्यात वीस मिनिटं गेली. मुहूर्त दोन वाजून वीस मिनिटांचा होता. मिलीतून पूजा सांगायला आलेल्या गुरुजींचे फोन यायला लागले. मामांच्या भुवया एकमेकींना शोधायला लागल्या.

सगळ्यात शेवटी आप्पा उठले, चष्मा काढला आणि काचेला नाक लावून तळ बघायला लागले. डावीकडून उजवीकडे, वीतवीत. हळू. मी त्यांना काम करताना यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. लहानपणी ते नदीवर जायचे तेव्हा मी शाळेत असायचो, आणि मोठेपणी ते घरी असायचे तेव्हा मी दुकानात.

"विरू, इकडं ये."

मागच्या दगडापाशी, कोपऱ्यात, वाळूत एक बारीकशी खळी होती. तुरीचा दाणा बसेल एवढी.

"उपसलेली वाळू कडेला पडते," आप्पा म्हणाले. "इथं कडेला काही पडलेलं नाही. इथली वाळू आत ओढली गेलीय. कुणी तरी खाली गेलंय आणि वरून दार लावून घेतलंय."

"मेल्यावर कोण दार लावतंय," कमलबाई उत्तरेकडून म्हणाल्या.

आप्पा जाऊन खुर्चीत बसले, आणखी चार ओळी लिहिल्या आणि कागद पुढं केला. मामांच्या हातातला फोन वाजत होता. त्यांनी तो कानाला लावून, दुसऱ्या हातानं, जिथं आप्पांचं बोट होतं तिथं सही ठोकली आणि निघाले. जाताना पोराला मागून पाठव, दोन वीसच्या आत, असं बजावलं. दुसरा फेटा चिमट्यांच्या पाटाशेजारी ठेवून गेले. कमलबाईंनी मात्र कागद नीट धरून वाचला, ओठ हलवत, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर आप्पांकडे बघितलं. मग पदर सावरून सही केली. मला वाटलं, रांगोळीचा उल्लेख नाही म्हणून रुसल्या.

त्यानंतर आम्ही बसलो. म्हणजे मी स्टुलावर, मॅडम टेबलाशी, आप्पा झेंडूच्या हाराखाली. दोन वाजले. दोन दहाला मामांचा फोन आला. आप्पांनी फोन हातात घेऊन सांगितलं, "पंचनामा चालू आहे." दोन पंधराला परत आला. आप्पा तेच म्हणाले. दोन वीसला आला तो त्यांनी उचललाच नाही. मी घड्याळाकडे बघत होतो, फेट्याकडे बघत होतो, खळीकडे बघत होतो. उठून जावं की बसावं ते कळत नव्हतं. आप्पांनी मला जा म्हटलं नाही. मुहूर्त माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मागून कळलं, मामांनी शेवटी पूजेला आपल्या धाकट्या मुलीला बसवलं, जी सणाला पुण्याहून आली होती आणि नाही म्हणायच्या आत तिच्या हातात नारळ दिला गेला होता. तिनं आज मिल दुप्पट केलीय आणि मशिनी अशा बसवल्यात की आता तिथं बोललेलं ऐकू येतं. पण ते पुढचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी वाळू हलली.

आधी खळी थोडी फुगली. मग तिच्यातून, बी रुजून यावं तसं, एक पिवळं टोक वर आलं. मग डोळा. डोळ्यानं खोलीचा अंदाज घेतला, पूर्वेस खिडकी, पश्चिमेस एक्स-रे. मग अंग एकदा जोरात हललं, वाळू झडली, आणि हळकुंड सबंधच्या सबंध पाण्यात उभं राहिलं. एक ओरखडा नाही. त्यानं दगडाला चक्कर मारली, जांभई दिली आणि काहीच झालं नाही अशा थाटात चरायला लागलं.

मॅडम हळूच "अगं बाई" म्हणाल्या. कमलबाईंनी कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. मी स्टुलावरून उतरून फरशीवर बसलो आणि थोडा वेळ तिथंच बसून राहिलो. फरशी गार होती, चांगली पुसलेली होती. इतका हलका मी त्यानंतर दोनदाच झालोय, आणि त्यात एकदा तर मुतखडा पडला होता.

आप्पा उठून काचेपाशी आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"हा खातो काय?" त्यांनी विचारलं.

दुकान काढल्यापासूनच्या तीन वर्षांत माशांबद्दल त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. बारीक कोळंबी खातो, हे उत्तर आमच्या घरच्या माणसाला देणं अवघड होतं, पण दिलं. आप्पांनी मान हलवली. "आपल्या घरचे नियम माणसाला," म्हणाले, "त्याला नाहीत."

तेवढ्यात शाबीरभाईंचा फोन लागला. त्यांनी सांगितलं की घाबरला की हा मासा वाळूत शिरतो, कधी कधी तीन-तीन दिवस, झोपतोही वाळूतच. मी तुला जाड तुकडे सांगितले होते, ते तू घातले असतेस तर बिचारा सोलून निघाला असता, आणि नुसत्या काचेवर डोकं आपटून मेला असता. चिठ्ठीत लिहायचं राहिलं, असंही म्हणाले. फोन स्पीकरवर होता. मॅडमनी माझ्याकडे अशा आदरानं बघितलं की मी अवघडलो. "म्हणून तू बारीक वाळू धरून बसला होतास," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

आता बारा वर्षांनी सांगायला हरकत नाही. समुद्र मी तोवर दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत. एकदा ओहोटी होती, पाणी इतकं लांब की सर म्हणाले तिकडं जायचं नाही. दुसऱ्यांदा मला बसमध्ये उलट्या झाल्या आणि मी किनाऱ्यावर उताणा पडून होतो. समुद्राची म्हणून मला जी काही ओळख होती ती पाठीखालच्या गार, बारीक वाळूची. बाकी समुद्रात काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं. जे ठाऊक होतं तेवढं मी टाकीत घातलं.

घरी जाताना आप्पा स्कूटर चालवत होते आणि मी मागं. निघताना त्यांनी पंचनाम्याचा कागद माझ्या खिशात कोंबला होता, दुकानात लाव म्हणून. सिग्नलला मी तो उघडून वाचला. चतुःसीमा, लांबी-रुंदी, दगड नऊ. तळास पांढरी बारीक वाळू, खोली अडीच इंच, अबाधित. आणि त्याखाली, आप्पांच्या सरळ, टपोऱ्या अक्षरात, एक ओळ.

"सदर मासा वाळूखाली जिवंत आढळून आला."

वेळ, एक वाजून पंचवीस मिनिटं. खाली पंचांच्या दोन सह्या. मल्लूमामांची फराटेदार, कमलबाईंची एकेक अक्षर सुटं.

मी ओळ परत वाचली. घड्याळाचा हिशेब परत केला. हळकुंड वर आलं तीन दहाला.

सिग्नल सुटला. आप्पांनी गाडी काढली. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आप्पा, आणि तो वर आलाच नसता तर?"

आप्पांनी आरशात माझ्याकडे बघितलं. बाजारपेठेतली गर्दी होती, त्यांनी आधी एका हातगाडीला बाजूनं वाट दिली.

"न यायला काय झालं," ते म्हणाले. "मामाची सही होती."